पाखरांच्या नोंदी आणि राष्ट्रीय सभेचे निमंत्रण

(धाराशिव येथील भाषणाचा संपादित भाग)



धाराशिवकरांना मेडोज टेलर हे नाव नवे नाही. १८५३ साली निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे सोपविला, तेव्हा त्याचा कारभार टेलरकडे आला. पुढे त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली आणि तिची नायिका तुळजापूरची घेतली. आलेल्या मुलखाची नोंद ठेवणाऱ्या अशा अधिकाऱ्यांची एक जातच त्या काळी होती. तिच्यातला सर्वांत विलक्षण आणि सर्वांत वादग्रस्त माणूस म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम.

टेलर नळदुर्गला असतानाच, १८५६ साली, ह्यूम यमुनाकाठच्या इटाव्याचा कलेक्टर झाला. त्याने तिथे प्राथमिक शाळांचे जाळे विणले. दारूवरील महसूल म्हणजे पापाची कमाई, असे त्याचे मत होते. पण १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात हाच ह्यूम क्रांतिकारकांविरुद्ध फौज घेऊन लढला आणि त्याबद्दल सरकारने त्याला किताब दिला. त्याचे गुणगान करताना हे पान चिकटवून टाकण्याचे कारण नाही. देशाच्या छातीवर मिठाच्या करासाठी उभारलेले काटेरी कुंपण १८६७ ते १८७० या काळात त्याच्याच अखत्यारीत होते, हेही विसरता येत नाही.

या फिरतीतच त्याचा पक्ष्यांचा छंद शास्त्राला पोचला. एकटा माणूस सारा हिंदुस्थान पाहू शकत नाही, हे त्याने ओळखले. म्हणून वन, लष्कर, टपाल, रेल्वे अशा खात्यांतील माणसांना पत्रे लिहून त्याने नोंदी आणि नमुने मागविले. त्यांच्यासाठी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालविले. मार्शलसमवेत त्याने शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले. त्यांतल्या पहिल्या खंडात आपल्या माळरानाचा माळढोकही आहे. (त्याच माळढोकासाठी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात १९७९ साली अभयारण्य करावे लागले, आणि तरीही तो पक्षी आज दिसेनासा झाला आहे.)

वरिष्ठांशी मात्र त्याचे जमले नाही. शेतीसाठी स्वतंत्र आणि समर्थ खाते हवे, हा त्याचा आग्रह होता. सरकारची दृष्टी महसुलावर. १८७९ साली त्याला सचिवपदावरून दूर केले गेले आणि १८८२ साली त्याने नोकरी सोडली. आता उरलेले आयुष्य ग्रंथाला द्यायचे होते. पंचवीस वर्षांच्या टिपणांची बाडे सिमल्याच्या घरात रचलेली होती. तो बाहेरगावी असताना एका नोकराने ती बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. पुडीत काय काय गेले असेल, कोण जाणे! ग्रंथ कायमचा बुडाला. १८८५ साली त्याने सुमारे ८२ हजार नमुन्यांचा अवघा संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला.

पण पत्रे लिहिण्याची हातोटी त्याच्याजवळ उरली होती. १ मार्च १८८३ रोजी त्याने कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना खुले पत्र लिहून देशसेवेसाठी निःस्वार्थ माणसे मागितली. पक्ष्यांच्या नोंदी मागविणारी लेखणीच आता कार्यकर्ते मागू लागली. प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांशी पत्रव्यवहार, परिपत्रके, प्रत्यक्ष भेटी, सारे त्याच चिकाटीने. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरायचे होते. तिथे पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. दिनांक २८ डिसेंबर १८८५, प्रतिनिधी ७२.

इथेच वाद सुरू होतो. साम्राज्याच्या भांड्यातली वाफ हळूच सोडून देण्यासाठी ह्यूमने ही झडप बसविली, असे म्हणतात. वेडरबर्नच्या १९१३ च्या चरित्राने त्याला आधार दिला. देशातील असंतोषाचे सात खंडी गुप्त अहवाल ह्यूमने पाहिले, असे त्यात आहे. लाला लजपतराय यांनी १९१६ साली ‘यंग इंडिया’त याच बळावर काँग्रेसच्या जन्मावर टीका केली. परंतु ते सात खंड आजवर कोणत्याही दप्तरात सापडलेले नाहीत, आणि गुप्त अहवाल ज्या गृहखात्याकडे जात ते खाते ह्यूमचे नव्हते.

असंतोषाचे भय त्याला वाटत होते, हे खरेच. म्हणून सारी चळवळ त्याच्या पाकिटातून निघाली, असे मात्र होत नाही. गणेश वासुदेव जोशी यांची सार्वजनिक सभा पुण्यात १८७० पासून काम करीत होती. दादाभाई, तेलंग, फिरोजशहा हे कोणाच्या सूत्रावर नाचणारे बाहुले नव्हते. गोखल्यांनी नंतर स्पष्टच सांगितले, की एखाद्या हिंदी माणसाने अशी अखिल भारतीय संस्था काढली असती, तर अधिकाऱ्यांनी ती उभीच राहू दिली नसती. ह्यूमला आपल्या माणसांचा उपयोग करून घ्यायचा असेलही. आपल्या माणसांनीही ह्यूमचा उपयोग करून घेतला. लजपतरायांचा संताप समजतो, पण रानडे-तेलंगांच्या पिढीला तो न्याय देत नाही.

ह्यूम १८९४ साली भारत सोडून गेला. पक्षी मारणे त्याने त्यापूर्वीच सोडले होते. शेवटी तो वनस्पतींच्या नादी लागला आणि १९१० साली त्याने दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची संस्था काढली. ३१ जुलै १९१२ रोजी तो वारला. त्याच्या नावाचा इवलासा पर्णवटवट्या आजही थंडीत हिमालय ओलांडून भारतात उतरतो.