‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार



घर लुटले गेल्यावर पंचनामा करणारा कायदा सर्वांच्या परिचयाचा आहे. चोर उंबरठ्यावर असतानाच त्याला रोखणारा कायदा मात्र विरळा. अमेरिकेतील राज्यांनी हा दुसरा मार्ग शंभर वर्षांपूर्वीच चोखाळला. १९११ साली कॅन्सस राज्याने रोख्यांच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला. निळ्या आभाळाचे तुकडेही विकू पाहणाऱ्या भामट्यांसाठीचे म्हणून असे कायदे ‘ब्लू स्काय’ कायदे म्हणून ओळखले जातात. १९१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार मान्य केला. केंद्रीय सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन १९३४ सालचे; राज्यांचा पहारा त्याहूनही जुना.

या पहाऱ्याचे शस्त्र म्हणजे ‘सीझ अँड डेसिस्ट’ आदेश. अर्थ साधा: हे थांबवा आणि पुन्हा करू नका. योजना नोंदणीकृत आहे काय, विक्रेत्याला परवाना आहे काय, ग्राहकाला सत्य सांगितले काय, हे नियामक तपासतो. तातडीच्या प्रसंगी आदेश आधी निघतो आणि सुनावणी नंतर होते. आदेशाला आव्हान देण्याचा हक्क प्रतिपक्षाला असतो. हा हक्क नसता, तर हेच शस्त्र मनमानीचे साधन ठरले असते.

बिटकनेक्टचे उदाहरण बोलके आहे. आभासी चलनाच्या या योजनेने दरमहा ४० टक्क्यांपर्यंत परताव्याचे आमिष दाखविले होते. ४ जानेवारी २०१८ रोजी टेक्सासच्या रोखे मंडळाने तातडीचा आदेश काढला. ९ जानेवारीला नॉर्थ कॅरोलिनानेही तेच केले. १६ जानेवारीला कंपनीने या दोन आदेशांचाही हवाला देत आपला कर्जव्यवहार गुंडाळला आणि तिचे नाणे कोसळले. या योजनेचे धागेदोरे गुजरातपर्यंत पोहोचले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या प्रकरणी १,६४६ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले.

तथापि, आदेश गळती थांबवितो. सांडलेले पाणी परत आणीत नाही. अमेरिकी सरकारच्या म्हणण्यानुसार फसवणूक सुमारे २४० कोटी डॉलरची होती. जानेवारी २०२३ मध्ये तेथील न्यायालयाने सुमारे ८०० पीडितांना १.७ कोटी डॉलर परत देण्याचा आदेश दिला. थांबविण्यास झालेल्या विलंबाची किंमत या दोन आकड्यांतील अंतरावरून कळावी.

भारतातही २००२ च्या दुरुस्तीने ‘सेबी’ला असाच अधिकार कलम ११ ड अन्वये मिळाला. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा करून मालमत्ता जप्तीची तरतूद केली. साधने आहेत, प्रश्न वेळेचा आहे. नियामकाला वेळेवर जाग यावी, यासाठी पहिली तक्रार वेळेवर जावी लागते. लाजेपोटी वा लोभापोटी गप्प राहणारा ठेवीदार शेजाऱ्याच्याही बचतीवर पाणी सोडतो. पैसे देण्यापूर्वी ‘नोंदणी कोठे आहे?’ एवढे विचारणारा नागरिक हाच कायद्याचा पहिला पहारेकरी होय.