माझ्या शेतातला कोठा, परवानगी कोणाची?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



दिवाळी झाली की आपल्या घरात काय होते? कापूस आत येतो आणि माणसे ओसरीवर जातात. पोरे ढिगाशेजारी झोपतात, रात्रभर अंग खाजवतात. चूल चार हातांवर. एक ठिणगी पडली तर वर्षाच्या मेहनतीची राख. मग जागा नाही म्हणून खेडा खरेदीवाला सांगेल त्या भावात गाडी भरून द्यायची. ज्वारीचेही तेच. कडब्याची गंजी उघड्यावर, अवकाळी आला की काळी पडते.

म्हणून शेतातल्या टिनाच्या शेडचा प्रश्न हा नुसता बांधकामाचा नाही, भावाचा आहे. ज्याच्याकडे माल ठेवायला जागा आहे, तोच "आज विकत नाही" असे म्हणू शकतो.

पण शेड उभे करायला निघालो की कोणीतरी सांगतो, "आधी जमीन एन.ए. करा." दुसरा म्हणतो, "हा हरित पट्टा आहे, इथे वीटसुद्धा लावता येत नाही." आपण घाबरतो आणि खिशात हात घालतो. कायदा उघडून कोणी पाहत नाही.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 2(9). अवजारे, खत, चारा ठेवायला, पिकलेला माल साठवायला, जनावरे बांधायला, शेतकऱ्याच्या कुटुंबाने किंवा गड्याने राहायला शेतात जे बांधले जाते, ती "शेत इमारत". कलम 41 सांगते की अशी इमारत बांधायचा आणि विहीर खोदायचा जमीनधारकाला हक्क आहे. एन.ए.चा प्रश्न येतच नाही.

मात्र मोठ्या शहरांच्या हद्दीत आणि हद्दीबाहेर काही किलोमीटरपर्यंत कलेक्टरची परवानगी घ्यावी लागते. तिथे 0.4 हेक्टर, म्हणजे एकरभर जमीन तरी हवी, आणि राहण्याच्या जोत्याला 150 चौरस मीटरची मर्यादा आहे.

त्याच 1966 साली दुसरा कायदा झाला, प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा. नकाशावर रंग भरले जातात ते याच कायद्याने. नागपूरभोवतीची सातशेहून अधिक गावे आज अशा महानगर नियोजनात आहेत, आणि तिथेही पऱ्हाटी उभी असते. अशा गावात बांधकामाला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. पण शेतीच्या नेहमीच्या कामासाठी विहीर खोदायला आणि निव्वळ शेतीसाठी वाट काढायला ती लागत नाही. हे कलम 43 मध्येच लिहिले आहे.

अर्ज करायचा तर साइट प्लॅनला भिऊ नका. गट नंबर, चतुःसीमा, रस्ता, विहीर, नाला, विजेच्या तारा, शेडची लांबी-रुंदी आणि बांधापासूनचे अंतर दाखवणारा तो नकाशा. अर्ज द्या आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर अर्जच नाही असे समजा. कलम 45 प्रमाणे नकार द्यायचा तर कारण लिहून द्यावे लागते. 60 दिवसांत उत्तर आले नाही, आणि नकाशा नियमात बसत असेल, तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. नकार आला तर 40 दिवसांत अपील करता येते.

एक गोष्ट आपल्यालाही सांगतो. शेत इमारत म्हणून शेड बांधायचे आणि व्यापाऱ्याला गोदाम म्हणून भाड्याने द्यायचे, ढाब्याची पाटी लावायची, हे त्या हक्कात बसत नाही. एकाने असे केले की साहेबाला शंभर जणांना अडवायचे निमित्त मिळते.

भावांनो, आपण भीक मागत नाही. आपल्याच शेतात आपलाच माल कोरडा ठेवायचा हक्क 1966 पासून कागदावर आहे. तो कागद प्रत्येक गावात वाचा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक तरी पोच सोबत आणावी. तोंडी नकार किती आणि लेखी किती, ते मग आपण मोजू.