थंड पाणी, ऊन पाणी



वैशाखांत विहिरींत उडी घेतलेल्या प्रत्येकास एक गोष्ट ठाऊक असते. वरचें हातभर पाणी कोंबट लागतें. पाय खालीं गेले कीं अंगावर शहारा येतो. अमेरिकेतील कोलोरॅडो नदींत एका माशाचें जीवित या खालवरच्या फरकावर येऊन ठेपलें आहे. त्याची हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

या माशास हंपबॅक चब म्हणतात. डोकें लहान, शेपटीजवळचा भाग काडीसारखा बारीक, आणि डोक्यामागें पाठीवर भलें मोठें कुबड. रूपवान म्हणतां येईल असा हा प्राणी नव्हे. ग्रँड कॅन्यनच्या प्रचंड घळईंत, गढूळ आणि खळाळत्या पाण्यांत तो युगानुयुगें राहत आला. परंतु शास्त्रज्ञांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें तें १९४६ सालीं. त्यानंतर अवघ्या १७ वर्षांनीं, १९६३ मध्यें, घळईच्या वरच्या अंगास ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मिटले.

धरण ७१० फूट उंच. त्याच्या मागें पॉवेल नांवाचें तळें पसरलें. वीजयंत्रांकडे जाणाऱ्या नळांचीं तोंडें, तळें भरलेलें असतां, पृष्ठभागाखालीं सुमारें २३० फूट खोल असतात. तेथें सूर्याची ऊब पोंचत नाहीं. उन्हाळ्यांत जी नदी पूर्वी २५ अंश सेल्सिअसच्याही वर तापे, तींतून बारा महिने १० अंशांच्या आसपासचें नितळ, गार पाणी वाहूं लागलें. गाळ सगळा तळ्यांत अडला. त्या थंडींत चबच्या पिलांची वाढ होईना. कोलोरॅडो पाइकमिनो व बोनीटेल हे त्याचे सोबती तर घळईंतून नाहींसेच झाले. चब तगला तो मुख्यतः लिटल कोलोरॅडो या उपनदीमुळें. धरणाखालीं सुमारें ७५ मैलांवर ती मुख्य नदीस मिळते. तिचें पाणी ऊन असतें, आणि लेकीनें बाळंतपणास माहेरीं जावें तशी चबची मादी तींत शिरून अंडीं घालते.

येथवर थंड पाणी वैरी आणि ऊन पाणी मित्र, असा सरळ हिशेब होता. पुढें तो उलटला.

२००० सालापासून नदीच्या खोऱ्यास अवर्षणानें गांठलें. तळें उतरत गेलें. २०२२ च्या वसंतांत नळांच्या तोंडांवर ५०-५५ फूटच पाणी उरलें. म्हणजे यंत्रांतून जाऊं लागलें तें वरच्या, तापलेल्या थरांजवळचें. गेल्या कांहीं वर्षांतील ही ऊब चबला मानवली होती. घळईच्या पश्चिम भागांतही त्याची संख्या वाढली, आणि २०२१ मध्यें सरकारनें त्यास अतिसंकटग्रस्तांच्या यादींतून काढून एका पायरीनें कमी धोक्याच्या वर्गांत घातलें. परंतु त्याच उबदार थरांत स्मॉलमाउथ बास राहतो. गळ टाकून मासे धरण्याच्या हौशीसाठीं तळ्यांत सोडलेला हा परका, खादाड मासा. पाण्याबरोबर तो यंत्रांतून जिवंत पार झाला, आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत धरणाखालच्या एका संथ डबक्यांत त्याचीं पिलें सांपडलीं. वरच्या बाजूच्या यांपा नदींत या बासनें देशी मासळीची काय दशा केली, हें सर्वांनीं पाहिलें होतें.

डबक्यांत विष घालण्यांत आलें. पण एवढ्या लांब घळईंत तो उपाय कोठवर पुरणार? शिवाय झुनी जमातीचे लोक तेथील जलचरांना आपल्या नात्यांतले मानतात; घळईंत मासे मारण्यास त्यांनीं पूर्वींच हरकत घेतली होती, आणि माझ्या मतें ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. मग हातीं उरलें तें धरणच.

या धरणास वीजनळांखेरीज आणखी चार नळ आहेत, सुमारें १०० फूट अधिक खोल. पाणी १६ अंशांच्या आसपास तापल्यावांचून बासची वीण होत नाहीं. म्हणून जुलै २०२४ पासून नोव्हेंबरपर्यंत, स्नानाचें पाणी विसणावें तसें, खोल नळांचें गार पाणी वरच्या पाण्यांत मिसळून सोडण्यांत आलें. संगमापर्यंतचें पात्र १५.५ अंशांच्या खालीं रहावें, हा हेतु. त्या हंगामांत धरणाखालीं बासचीं नवीं पिलें आढळलीं नाहींत. जी थंडी चबच्या मुळावर आली होती, तीच त्याची राखण करूं लागली! त्यानें चबची वाढ मंदावते हें खरें; पण हळू वाढणारा मासा निदान जिवंत तरी असतो.

याची किंमत मात्र मोठी आहे. खोल नळांवर वीजयंत्रें नाहींत. तेथून गेलेल्या पाण्याची वीज बुडते, ती बाजारांतून विकत घ्यावी लागते, आणि तिचा भार खेड्यांतील सहकारी वीजसंस्थांवर व मूळ रहिवाशांच्या जमातींवरही पडतो. त्यांनीं कुरकूर केली म्हणून त्यांस माशांचे शत्रु ठरविणें अन्यायाचें होईल. शिवाय २०२३ च्या वसंतांत मोठा लोंढा सोडला असतां या नळांची आंतली बाजू झिजली होती. त्यांची डागडुजी करावी लागली.

२०२५ च्या आरंभीं त्या संथ डबक्यांतून चर खणून नदीचें वाहतें पाणी आंत घेण्यांत आलें, म्हणजे तें तापूं नये. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत तळें पुन्हां उतरलें. खोल नळांतून गार पाणी मात्र त्या खेपेस सोडण्यांत आलें नाहीं.