शनीचा खडा आणि ग्राइंडिंग व्हील
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला रत्नांवर बोलायला सांगितलं, कारण ग्रुपवर अंगठीचा फोटो टाकून 'खडा खरा आहे का रे?' असं तुम्ही मलाच विचारता. मी जवाहिर नाही. भोसरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं ग्राइंडिंग केलं, एवढीच माझी पात्रता.

पण ती अगदीच कमी नाही. शाळेबाहेर पायाने चाक फिरवत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा यायचा, आठवतो? जुने शिकलगार कुरुंदाची पूड लाखेत बसवून धारेचं चाक करायचे. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्या तमिळमधूनच गेला, आणि संस्कृतात कुरुविंद म्हणजे माणिकसुद्धा. या कुरुंदात क्रोमियमचा अंश आला की माणिक होतं, लोह आणि टायटॅनियम आलं की नीलम. आमच्या मशीनवरच्या गुलाबी व्हीलमध्येही क्रोमियमच असतं. ते व्हील सरळ करायला डायमंड ड्रेसर लागतो. म्हणजे आमचा ग्राइंडर दिवसभर हिऱ्याने माणकाचा भाऊबंद घासतो आणि संध्याकाळी बसला लोंबकळतो!

गरुडपुराणात गोष्ट आहे, की बल नावाच्या असुराच्या देहापासून रत्नं झाली. रक्ताचं माणिक, दातांचे मोती आणि डोळ्यांचे नीलम. नीलमाची लोकांना भारी धास्ती. लाभला तर राजा, नाही तर भिकारी. म्हणून आधी तीन रात्री उशीखाली ठेवून स्वप्नं बघायची.

आमच्या घरी ही परीक्षा झाली. वडिलांच्या कंपनीत टाळेबंदी झाली तेव्हा मी नववीत होतो. कोणीतरी साडेसाती सांगितली. आईने पाटल्या मोडल्या आणि नीलम आला. तीन रात्री अण्णांना एकही स्वप्न पडलं नाही, कारण ते झोपलेच नाहीत. शनिवारी चांदीत मढवलेली अंगठी मधल्या बोटात गेली. कंपनी काही उघडली नाही. अण्णांनी मोरवाडीत भाजीचा गाळा घेतला आणि त्यावर आम्हा तिघांना शिकवलं. अंगठी मात्र शेवटपर्यंत बोटात होती.

ते गेल्यावर मी ती पुण्याला रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या मुलीने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की आतल्या वाढीच्या रेषा वक्र आहेत. जमिनीत तयार झालेल्या नीलमात त्या सरळ असतात, कोनात वळतात. ज्वाळेत पूड वितळवून थेंबाथेंबाने वाढवलेल्या खड्यात त्या अशा गोलाकार येतात. वर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1902 मध्ये ही रीत माणकासाठी जाहीर केली, पुढे काही वर्षांत नीलमही तसाच होऊ लागला. आपल्या एचएमटीच्या घड्याळावर '17 ज्युवेल्स' लिहिलेलं असायचं, ते खडेही कारखान्यातलेच. त्यात फसवणूक काही नाही, कारण कारखान्यातला म्हणूनच ते घेतात. अण्णांकडून मात्र खाणीतल्या खड्याचे पैसे घेतले होते.

आईपासून हे वर्षभर लपवलं. मग नातीच्या फीसाठी तिनेच अंगठी मोडायला काढली, तेव्हा सांगावं लागलं. मी म्हटलं, "आई, रसायन तेच आहे, कडकपणाही तोच. काच नाहीये ती."

ती म्हणाली, "मग माझ्या पाटल्यांचं काय झालं ते सांग."

मला उत्तर सुचलं नाही. फी मी भरली. अंगठी तिने देवघरात न ठेवता शिवणाच्या डब्यात ठेवलीय, बटणांबरोबर.

जेवणाच्या सुट्टीत मी भिंग घेऊन खिडकीपाशी बसतो. भिंगातून सगळंच कळत नाही, पक्कं प्रमाणपत्र प्रयोगशाळेचंच घ्या. आणि जी अंगठी वहिनींच्या किंवा आईच्या पैशाची असेल, ती दाखवायच्या आधी घरी विचारून घ्या.