सात वर्षं, बारा महिने

आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांना वाटेल, या माणसाचा या विषयाशी काय संबंध? विषय आहे विद्यापीठातल्या प्राध्यापकांची सबॅटिकल रजा आणि तिच्यासाठी करायचा अर्ज. मी प्राध्यापक नाही. माझं शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही दुसऱ्या वर्गात. मी कविता लिहितो आणि पोटासाठी एका विद्यापीठात कारकुनी करतो. आस्थापना विभागात असताना बरीच वर्षं प्राध्यापकांच्या रजेच्या फायली माझ्या टेबलावरून पुढे जात. अर्ज करणाऱ्याला आपला एकच अर्ज माहीत असतो, मला सगळ्यांचे माहीत होते. तेवढ्याच अधिकारानं बोलतो आहे.

या रजेला आमच्या विभागात एक नाव पडलं होतं, सातबारा. सात वर्षं नोकरी आणि मग बारा महिने रजा, म्हणून सातबारा. साहेब विचारायचे, 'आज कुणाचा सातबारा आलाय?' आणि आम्ही हसायचो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० आणि २०१८ च्या नियमावल्यांत या रजेची कलमं आहेत. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं सेवा झालेल्या कायम शिक्षकाला ती मिळू शकते. एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष आणि सबंध नोकरीत दोन वर्षं. पगार पूर्ण. वार्षिक वेतनवाढ थांबत नाही. रजा संपल्यावर माणूस कामावर परत आला, तर तो काळ निवृत्तिवेतनासाठीही धरला जातो. या काळात दुसरीकडे कायम नोकरी धरता येत नाही. अभ्यासासाठी एखादी शिष्यवृत्ती घेता येते, पण मग विद्यापीठ पगार कमी करू शकतं. जाण्यापूर्वी कामाचा आराखडा मंजूर करून घ्यायचा आणि आल्यावर काय केलं त्याचा अहवाल द्यायचा. अभ्यास रजा वेगळी आणि ही वेगळी. अभ्यास रजा घेतलेल्या शिक्षकाला परत आल्यापासून पाच वर्षं थांबावं लागतं. पुष्कळ जण हा फरक न पाहता अर्ज करतात आणि तिथंच फाईल अडते.

आम्हा कारकुनांना अशी रजा नाही. वर्षाला आठ किरकोळ रजा. माझा पहिला कवितासंग्रह किरकोळ रजांवर लिहिला आहे. कविताही तशाच किरकोळ झाल्या, असं एका समीक्षकानं लिहिलं होतं. त्याला माझं रजेचं खातं कुणी दाखवलं होतं कोण जाणे.

'सबॅटिकल' हा शब्द पहिल्यांदा फाईलवर वाचला तेव्हा तो मला अनोळखी वाटला नाही. लहानपणी गावातल्या मौलवीसाहेबांनी अरबी वारांची नावं पाठ करून घेतली होती. शनिवार म्हणजे यौमुस्सब्त. इंग्रजीतला सबॅथ, हिब्रूतला शब्बात आणि अरबीतला सब्त, हे एकाच घरातले शब्द आहेत. थांबण्याचा, विसाव्याचा दिवस. ज्यूंच्या धर्मग्रंथात, ज्याला आम्ही तौरात म्हणतो, दिवसाबरोबर वर्षाचाही असाच नियम सांगितला आहे. सहा वर्षं शेत पेरावं आणि सातव्या वर्षी ते मोकळं सोडावं. त्या वर्षी रानात जे आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी खावं.

ही कल्पना विद्यापीठात आणली ती अमेरिकेतल्या हार्वर्डनं, १८८० मध्ये. त्या वेळचे तिथले अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले एक विद्वान आपल्याकडे ओढायचे होते. त्यासाठी त्यांनी दर सातव्या वर्षी रजा देऊ केली. ते विद्वान म्हणजे चार्ल्स लॅनमन, आणि त्यांचा विषय होता संस्कृत. पुढे १८८९ मध्ये लॅनमन भारतात आले आणि संस्कृत-प्राकृत हस्तलिखितं जमवून हार्वर्डला घेऊन गेले. म्हणजे जगभरच्या प्राध्यापकांना आज जी रजा मिळते, तिच्या मुळाशी आपल्याकडच्या एका भाषेचा मास्तर आहे.

पण रान मोकळं ठेवणं म्हणजे काय, हे मला ना तौरातनं शिकवलं ना हार्वर्डनं. ते मी वडिलांकडे पाहिलं. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. काळी, भारी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस. तिकडं ज्वारी रब्बीची. पावसाळ्यात सगळीकडं हिरवं असताना आमचं रान उघडं असायचं. नवख्या माणसाला वाटायचं, हा शेतकरी आळशी दिसतो. पण त्या चार महिन्यांत बाबा कुळवाच्या तीन-चार पाळ्या घालायचे. तण मरायचं, भेगा बुजायच्या, पडलेला पाऊस खाली मुरायचा. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी झाली की त्या मुरलेल्या ओलीवर ज्वारी यायची. पुढं पाऊस नाही झाला तरी यायची. तलाठ्याच्या पीक पाहणीत 'चालू पड' असा शब्द असतो. बाबांना तो आवडायचा. म्हणायचे, 'पड आहे, पण चालू आहे.' सबॅटिकलला याहून चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.

आता अर्जाकडे येतो. माझ्या टेबलावरचे अर्ज मोठे नमुनेदार असत. एका गृहस्थांनी कारण लिहिलं होतं, 'सततच्या अध्यापनाने थकवा आल्यामुळे.' खरं कारण होतं. पण थकव्यासाठी वैद्यकीय रजा असते. सबॅटिकल ही शिक्षकाची गुणवत्ता आणि विद्यापीठाला होणारा त्याचा उपयोग वाढावा म्हणून असते, तसं नियमातच लिहिलं आहे. दुसऱ्या एकांनी एका वर्षात चार पुस्तकं, बारा शोधनिबंध आणि एक शब्दकोश करीन असं लिहिलं. तेही कुणी खरं धरलं नाही.

चांगला अर्ज दोन पानांचा असतो. काय करणार, कुठं राहून करणार, आजवर त्यातलं किती झालं आहे आणि त्यासाठी सलग वर्षच का हवं, हे चार प्रश्न त्यात सुटले पाहिजेत. आणि पाचवा प्रश्न, ज्यावर सगळ्यात जास्त अर्ज बुडतात: तुमच्या मागं तुमचे तास कोण घेणार? तुमच्याकडं पीएच.डी. करणाऱ्या मुलांचं काय? हे विभागप्रमुखांशी बोलून, त्यांच्या सहीनं लिहून द्यावं. अर्ज योग्य मार्गे आणि किमान सहा-आठ महिने आधी द्यावा. व्यवस्थापन परिषदेच्या बैठका तुमच्या बॅगेकडे पाहून ठरत नाहीत.

हे सगळं सांगतो आहे, कारण एक अर्ज माझ्या हातून अडला होता.

ते मराठीचे सहयोगी प्राध्यापक होते. मला 'कविराज' म्हणायचे. कार्यालयात बाकीचेही म्हणायचे, पण त्यांच्या म्हणण्यात चेष्टा नसे. त्यांना भीमा आणि माण नदीकाठच्या गावांत हिंडून मुसलमान बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामामुळं महाराष्ट्रातल्या लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, हे अनेकांना ठाऊक आहे. सरांना त्यातला एक लहानसा कोपरा नीट झाडून पाहायचा होता. एकदा चहा पिताना मी त्यांना माझ्या फुफीबद्दल सांगितलं. फुफी म्हणजे वडिलांची बहीण. वय ऐंशीच्या पुढं. पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओव्यांत पीरही यायचा आणि पंढरीचा विठ्ठलही यायचा, आणि दोघंही तिचे भाऊच असल्यासारखे यायचे. सर म्हणाले, 'कविराज, रजा मिळाली की पहिली गाडी तुमच्या गावची.'

अर्ज आला. मी वाचला. त्यांच्या विभागात मंजूर पदं पाच आणि काम करणारे शिक्षक दोन. मी टिपणी लिहिली: 'विभागात कार्यरत शिक्षक दोनच असून पर्यायी व्यवस्थेबाबत उल्लेख नाही. सबब प्रस्ताव त्रुटीपूर्ततेसाठी परत करावा.' नियमाला धरून होती. साहेबांनी सही केली. फाईल परत गेली.

दीड महिन्यानं ती आली. तासिका तत्त्वावरचे दोन शिक्षक तास घेतील, असं पत्र जोडलेलं होतं. मी पुन्हा पाहिलं. कामाचा आराखडा होता, पण महिनावार नव्हता, आणि 'अपेक्षित निष्पत्ती' हा रकाना कोरा होता. पुन्हा शेरा. पुन्हा परत.

या वेळी सर स्वतः आले. समोरच्या स्टुलावर बसले. रागावले नव्हते. म्हणाले, 'कविराज, कुठल्या महिन्यात कुठली बाई कुठली ओवी म्हणेल, हे मी आधी कसं लिहू? तुम्ही कविता लिहिता. पुढच्या मार्चमध्ये कुठली कविता लिहिणार, सांगता का?'

मी हसलो. म्हणालो, 'सर, काहीतरी लिहून द्या. रकाना भरला पाहिजे.' त्यांनी तिथंच बसून रकाना भरला. पण तोवर त्या महिन्याची बैठक होऊन गेली होती. पुढची बैठक लांबली. त्यानंतरच्या बैठकीत विषय वेळेअभावी पुढं ढकलला गेला. पहिल्या अर्जापासून चौदा महिन्यांनी आदेश निघाला. एका वर्षाऐवजी सहा महिन्यांची रजा मंजूर झाली होती.

सरांनी शब्द पाळला. पहिली गाडी माझ्या गावची. मीही किरकोळ रजा टाकून बरोबर गेलो. पण त्याआधी तीन महिन्यांपूर्वी फुफीला अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली होती. ओसरीवर बाजेवर ती पडलेली. सरांनी टेपरेकॉर्डर काढला नाही. तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, 'आजी, जात्यावरचं ऐकायला आलो होतो.' तिला समजलं. तिनं चालणारा हात उचलला आणि हवेत गोल फिरवायला लागली. खुंटा धरल्यासारखी मूठ वळलेली. ओठ हलत होते. बराच वेळ हात फिरत राहिला. मग ती दमली.

त्याच वर्षी ती गेली.

सरांनी त्या सहा महिन्यांत पुष्कळ काम केलं. परत आल्यावर नियमाप्रमाणं अहवाल दिला. तो माझ्याच टेबलावर आला. शेवटी तक्ता होता. अनुक्रमांक, गाव, वय, नोंदलेल्या ओव्यांची संख्या. अनुक्रमांक एकवर माझ्या फुफीचं नाव होतं. संख्येच्या रकान्यात लिहिलं होतं, 'निरंक'.

श्रोतेहो, निरंक हा आमचा रोजचा शब्द. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या माहितीपुढं आम्ही तो लिहीत असतो. त्या दिवशी मला तो वाचवेना. सरांना तक्ता दुसरीपासून सुरू करता आला असता. त्यांनी तसं केलं नाही आणि मला कधी काही बोललेही नाहीत. मी अहवालावर 'प्राप्त. दप्तरी दाखल' असं लिहिलं आणि सही केली.

माझं चुकलं काय, याचा मी पुष्कळ विचार केला. टिपणी खोटी नव्हती. दोनच शिक्षक होते, ही गोष्ट खरी होती. आपण रजेवर गेल्यावर मुलांचे तास बुडू नयेत, हे सरांनाही मान्य होतं. पण दोन्ही त्रुटी मला पहिल्याच दिवशी दिसायला हव्या होत्या आणि एकदमच कळवायला हव्या होत्या. त्यांचा विभाग माझ्या टेबलापासून दोन मजले वर होता. मी जिना चढून गेलो असतो तर अर्ध्या तासात काम झालं असतं. मी फाईल पाठवली. फाईलीला दोन मजले चढायला दीड महिना लागला.

त्यानंतर मी एक कागद तयार केला. सबॅटिकलच्या अर्जासोबत काय काय लागतं, त्याची एका पानाची यादी. सेवेचा तपशील, आधी घेतलेल्या रजा, कामाचा आराखडा, तासांची व्यवस्था, विभागप्रमुखांची शिफारस. कुणी विचारायला आलं की तो हातात द्यायचा. आणि निष्पत्तीच्या रकान्याखाली मी बारीक अक्षरात एक ओळ घातली: 'कामाच्या स्वरूपानुसार यात बदल संभवतो.' साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, पण ओळ खोडली नाही. मी आता दुसऱ्या विभागात आहे. तो कागद मात्र अजून चालतो, असं ऐकतो.

ज्यांना अशी रजा मिळण्याचा हक्क आहे, त्यांनी अर्ज करावा. 'आपल्याकडे कुठं मिळते' असं म्हणत पुष्कळ जण करतच नाहीत आणि निवृत्तीच्या दिवशी हळहळतात. आणि टेबलाच्या अलीकडं बसणाऱ्या माझ्या भावंडांना एवढंच सांगतो, समोरच्या अर्जात एक तारीख लिहिलेली असते, ती अर्जदाराची. तिच्यामागं कुठंतरी दुसरीही एक तारीख असते. ती कुणीच लिहून देत नाही.

बाबा म्हणायचे, पाळी घालायची ती वाफशावर. चिखलात कुळव चालत नाही आणि वाळल्यावर ढेकळं निघतात. मधले चार दिवस तेवढे आपले.