यरीहोचा तट आणि आतली माणसे



छोटी कंपनी मोठीला भिडली की ऑफिसात कोणीतरी 'डेव्हिड आणि गोलायथ' म्हणतोच, आणि आपणही मान डोलावतो. ते ठीक आहे. पण बायबलमधल्या सगळ्याच युद्धकथा इतक्या निरुपद्रवी नाहीत. आज मी यरीहोबद्दल, म्हणजे इंग्रजीतल्या 'जेरिको'बद्दल बोलणार आहे.

मोशेच्या मृत्यूनंतर यहोशवा इस्राएल लोकांना घेऊन यार्देन नदी ओलांडतो. समोर यरीहोचा तट. सहा दिवस रोज एक प्रदक्षिणा, सातव्या दिवशी सात. याजक शिंगे फुंकतात, लोक आरोळी ठोकतात आणि तट कोसळतो.

अमेरिकेतल्या गुलामांनी यावर गाणे रचले. त्यांना पाडायचा तट कोणता, हे वेगळे सांगायला नको. ४ मार्च २००७ रोजी सेल्मा येथे ओबामांनी नागरी हक्क चळवळीतल्या वडीलधाऱ्यांना मोशेची पिढी म्हटले आणि स्वतःच्या पिढीला यहोशवाची. पुढे १२ डिसेंबर २०२० रोजी वॉशिंग्टनमध्ये 'जेरिको मार्च' निघाला. निवडणुकीचा निकाल न मानणारे लोक शिंगे फुंकत फिरले. त्यांचा तट म्हणजे या देशाच्या लोकशाही संस्था! ६ जानेवारी २०२१ ला काय झाले ते आपण टीव्हीवर पाहिलेच.

गुलामांचे गाणे आणि हा मोर्चा एका तागडीत घालू नयेत. पण गोष्टीचा शेवट मात्र सगळेच गाळतात. तट पडल्यावर आतले स्त्री-पुरुष, मुले, म्हातारे, गुरेढोरेसुद्धा कापून काढली जातात. हेरांना लपवणारी राहाब आणि तिच्या घरचे तेवढे वाचतात. (कॅथलीन केन्यन यांच्या १९५०च्या दशकातल्या उत्खननानुसार, यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळात तिथे तटबंदीचे शहरच नव्हते. पण गोष्टीला पुरावा कुठे लागतो?)

गाळलेला भाग कधी कधी परत येतो. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी नेतान्याहूंनी गाझाच्या युद्धासंदर्भात अमालेकाची आठवण काढली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात त्या अमालेकाच्या तान्ह्या मुलांनाही मारण्याची आज्ञा आहे. दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेमका हाच उल्लेख दाखवला. नेतान्याहूंच्या कार्यालयाने तो अर्थ नाकारला.

'त्यांचे' धर्मग्रंथ म्हणून नाक मुरडण्याआधी आपले खांडववन आठवावे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये त्याबद्दल परखडपणे लिहिले आहे. कृष्णार्जुनांनी वन पेटवले आणि बाहेर पळणाऱ्यांनाही मारले. मोजके वाचले, त्यात मयासुर. पांडवांची ती मयसभा त्यानेच बांधून दिली.