कल्पनेची राखण
(विसरवाडी येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात व्यापारउदीमाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषयाची निवड मंडळाने आमच्यावर सोपविली, म्हणून आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या घरांतील मुले शिकली, बाहेर पडली. त्यांपैकी काही नोकरीच्या मागे न लागता स्वतःची एखादी युक्ती घेऊन मोठ्या कंपनीच्या दारात उभी राहू पाहतात. विसरवाडीसारख्या गावी हे घडणे अगदी स्वाभाविक आहे. सुरत-नागपूर हमरस्ता आपल्या दारातून जातो. एकीकडे नवापूर ओलांडले की गुजरात, दुसरीकडे कोंडाईबारीचा घाट ओलांडला की साक्री आणि धुळे. रात्रंदिवस मालमोटारी पाहणाऱ्या मुलाच्या मनात 'हा माल असा नेण्याऐवजी तसा नेला तर?' असा प्रश्न येणारच. तो प्रश्न आणि त्याचे उत्तर घेऊन तो कंपनीकडे गेला, तर त्याचे उत्तर त्याचेच राहील काय, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम आपल्या एका चांगल्या सवयीविषयी बोलले पाहिजे. आपले वाडवडील शब्दावर व्यवहार करीत आले. धान्याच्या पोत्यांचा सौदा बाजारात उभ्याने ठरे आणि चिठ्ठी नंतर होई, कधी होतही नसे. हे चाले, कारण शब्द देणारा पुढच्या बाजारी पुन्हा समोर येई. तो फिरला तर त्याच्या सोयरिकीपर्यंत बोभाटा जाई. कंपनीचे तसे नाही. तेथे आपले म्हणणे ऐकणारा अधिकारी सज्जन असेल, मनापासून शब्दही देईल. परंतु सहा महिन्यांनी त्याची बदली होते किंवा तो दुसरीकडे नोकरीस जातो. त्याच्या जागी आलेल्या माणसाला मेजाच्या खणात एक टिपण सापडते. ते कोणाचे, कोणत्या अटीवर दिलेले, हे त्यावर लिहिलेले नसते. ज्याला आपण चोरी म्हणतो, ती पुष्कळदा अशी विस्मरणातून घडते. म्हणून कंपनीशी बोलताना शब्दाचा कागद करणे हा अविश्वास नव्हे, हे घरातील वडील मंडळींनी आधी समजून घेतले पाहिजे. मुलगा कागद मागू लागला की 'एवढ्या मोठ्या माणसांवर संशय घेतोस?' असे म्हणणारे आपणच असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. तो जरा कठोर आहे. नुसती कल्पना कोणाच्याही मालकीची नसते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. आनंद हे दिल्लीचे नाटककार. त्यांच्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकात प्रांताभिमानाचा विषय होता. चित्रपट काढू इच्छिणारी मंडळी १९५५ साली त्यांच्या कार्यालयात आली आणि त्यांनी संपूर्ण नाटक वाचून दाखविले. पुढे काही कळले नाही. १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला, त्यातही प्रांताभिमानाचाच विषय! आनंद न्यायालयात गेले आणि अखेरपर्यंत हरले. विषय व कल्पना यांना स्वामित्व नाही, ती ज्या रूपाने मांडली त्या मांडणीला आहे, आणि दोन्ही मांडण्या पुरेशा भिन्न आहेत, असा निर्णय झाला. चित्रपट लागल्यापासून या निकालापर्यंत बावीस वर्षे गेली होती, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मग कल्पनावाल्याने गप्प बसावे काय? तसे नाही. स्वामित्वाचा दरवाजा बंद झाला, तरी विश्वासाचा दरवाजा उघडा राहतो. इंग्लंडात १९६८ साली कोको नावाच्या एका कारागिराचा खटला चालला. त्याने मोपेडसाठी इंजिनाचा आराखडा केला होता आणि तो तयार करण्यासाठी एका कंपनीशी त्याची बोलणी चालू होती. बोलणी फिसकटली आणि कंपनीने स्वतःचे इंजिन काढले. न्यायमूर्ती मेगॅरी यांनी त्या वेळी तीन कसोट्या सांगितल्या. माहिती खरोखर गुप्त ठेवण्याजोगी हवी. ती विश्वासाने दिली गेली, हे परिस्थितीवरून दिसले पाहिजे. आणि तिचा वापर परवानगीवाचून झालेला हवा. या कसोट्या आपल्याकडील न्यायालयेही मानतात. कोकोला स्वतःला मात्र मनाईहुकूम मिळाला नाही. कंपनीने दर इंजिनामागे पाच शिलिंग वेगळ्या खात्यात ठेवण्याची हमी दिली, तेवढ्यावर भागले. सही केलेला करार नसतानाही विश्वासाचे बंधन निर्माण होऊ शकते, हा त्या निकालाचा आपल्या दृष्टीने मोठा अर्थ.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयातील दोन खटले शेजारी ठेवले, की हा अर्थ आणखी उलगडतो. सनडायल कम्युनिकेशन्स या संस्थेने बालकृष्णावर बेतलेल्या दूरचित्रवाणी मालिकेची योजना झी कंपनीपुढे मांडली होती. पुढे झीची 'कन्हैया' ही मालिका येऊ घातली, तेव्हा वाद न्यायालयात गेला. कृष्णकथा तर सर्वांचीच आहे, तीत गुप्त ते काय, असा प्रश्न निघणे साहजिक होते. परंतु संस्थेने पात्रे, प्रसंग, भाग असा सर्व विस्तार लेखी केला होता आणि लेखकांच्या संघटनेत त्याची नोंदही केली होती. सार्वजनिक सामग्रीतूनही परिश्रमाने घडविलेली योजना गोपनीय ठरू शकते, असे म्हणून न्यायालयाने २००३ साली मनाईहुकूम कायम ठेवला. याच न्यायालयापुढे २०२१ साली 'झोंबिवली' या मराठी चित्रपटाविरुद्ध एक लेखक आला. आपले कथानक आपण निर्मात्या कंपनीला पाठविले होते, अशी त्याची तक्रार होती. त्याला अंतरिम मनाई मिळाली नाही. आपली गुप्त माहिती नेमकी कोणती, हे बोट ठेवून दाखविले पाहिजे. 'माझी कल्पना' असे मोघम म्हणून चालत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. चित्रपट २०२२ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. मनोरंजनाच्या धंद्यातील खटले आमच्या दुकानदारीला काय उपयोगाचे, असे कोणी म्हणेल. परंतु न्यायालयाचा तराजू कथानकाला आणि मसाल्याला निराळा नसतो.

तेव्हा मसाल्याकडेच येऊ. समजा, येथील एका तरुणाने कैरी सोलून तिच्या एकसारख्या फोडी करणारे हातयंत्र बनविले. त्याच्या जोडीला पाड्यापाड्यांवरून आंबोशी गोळा करण्याची पद्धत बसविली. प्रत्येक पोत्याला गाव आणि तारीख यांची चिठ्ठी असते, त्यामुळे कोणता आमचूर कोठल्या कैरीचा, हे मसाला कंपनीला कळावे. हे सर्व घेऊन तो मोठ्या कंपनीकडे निघाला आहे. त्याच्या पिशवीत एक वस्तू नसून तीन-चार वस्तू आहेत आणि प्रत्येकीचे कुलूप निराळे आहे.

यंत्राचे कुलूप पेटंट. यंत्र खरोखर नवे असले, जाणत्या कारागिराला सहज सुचण्याजोगे नसले, तर १९७० च्या कायद्याखाली ते वीस वर्षांपर्यंत मिळू शकते. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. प्रथम तात्पुरते विवरणपत्र दाखल करता येते. एकट्या माणसास त्याचे सरकारी शुल्क संगणकावरून अर्ज केल्यास १६०० रुपये आहे. जाणकाराची फी वेगळी. त्यानंतर बारा महिन्यांत संपूर्ण विवरणपत्र द्यावे लागते. कंपनीच्या भेटीपूर्वी ही पहिली पायरी ओलांडलेली असली, म्हणजे निम्मी चिंता मिटते. परंतु अर्जापूर्वीच यंत्र चारचौघांत उघडे केले, तर त्याचे नवेपण संपते आणि पेटंटाचा हक्क जवळजवळ बुडतो. जत्रेत मांडणे, भ्रमणध्वनीवरून चित्रफीत फिरविणे, वर्तमानपत्रात फोटो देणे, हे सर्व त्यात आले. आमच्या या स्मरणिकेतही, मंडळाने आम्हांला क्षमा करावी, अशा मुलाचा सत्कार यंत्राच्या आकृतीसह छापू नये. अर्जाची पावती हाती आल्यावर खुशाल छापावा.

मुंबईचे शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे उदाहरण येथे आठवते. छापखान्याचे टाइप ओतण्याचे यंत्र त्यांनी काढले. विलायतेत त्यांना दादाभाई नौरोजींनी साह्य केले, पुढे रतन टाटांनी भांडवल घातले. त्यांच्या नावावर अनेक पेटंटे होती. पैसेवाल्यापुढे जाताना शोधकाच्या हाती काहीतरी देण्याजोगे असावे लागते. पेटंट हे तसे देण्याजोगे असते; नुसते डोक्यातले देता येत नाही आणि राखताही येत नाही.

आंबोशी गोळा करण्याच्या पद्धतीला मात्र पेटंट नाही. निव्वळ धंद्याच्या पद्धतीला आपला कायदा पेटंट देत नाही. तिचे रक्षण दोनच गोष्टींनी होते, मौनाने आणि कराराने. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा झालेला नाही. विधी आयोगाने २०२४ च्या अहवालात तो करावा, असे सुचविले आहे. म्हणून पहिल्या भेटीत फळ सांगावे, मूळ सांगू नये. 'एका हंगामात इतक्या पोत्यांचा माल इतक्या दर्जाचा देऊ शकतो' एवढे पुरे. कोणता पाडा, कोणता गट, कोणता दर, चुकारा कोणत्या दिवशी, हे कंपनीने गोपनीयतेचा करार केल्यावर सांगावे. माहिती कोणती, ती कोणत्या कामासाठी दिली, किती वर्षे गुप्त राहावयाची, नमुने आणि कागद केव्हा परत मिळावयाचे, हे करारात नावानिशी यावे. वाद कोठल्या न्यायालयात चालावा, हे कलम बहुधा शेवटी बारीक अक्षरांत असते. ते आमच्या मुलांनी सर्वांत आधी वाचावे, कारण दिल्लीच्या न्यायालयात विसरवाडीहून तारखा करणे म्हणजे खटल्याआधीच दमणे. महाराष्ट्रात अशा कराराला १०० रुपयांचा मुद्रांक चालत असे, तो २०२४ पासून ५०० रुपयांचा झाला आहे. एवढा खर्च कंपनीवर टाकण्याचा आग्रह धरू नये.

नावाचे कुलूप व्यापारचिन्ह. एकट्या व्यक्तीस संगणकावरून अर्जाचे शुल्क ४५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. येथे एक सावधगिरी हवी. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते नाव मुलखाचे आहे, कोण्या एका दुकानाचे नव्हे. आपल्या मालाला स्वतःचे नाव शोधावे. आराखडे, पुस्तिका, चित्रे यांचे लेखनस्वामित्व १९५७ च्या कायद्याने आपोआपच मिळते. फक्त त्यांवर तारीख आणि नाव असावे.

आता खरी अडचण. पुष्कळ मोठ्या कंपन्या अनोळखी माणसाबरोबर गोपनीयतेचा करार करीतच नाहीत. उलट, 'तुम्ही सांगितलेले आम्ही गुप्त मानणार नाही' असा स्वतःचाच छापील कागद पुढे करतात. हा नेहमी कावा असतो असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याकडे तशाच कल्पनेवर आधीपासून काम चालू असू शकते आणि उद्या आपणच त्यांच्यावर दावा लावू, अशी त्यांच्या वकिलांना भीती असते. तरी त्या कागदावर सही करून मग सर्व सांगणे, हे आम्हांला मान्य नाही. सही करावयाचीच असेल, तर पेटंटाचा अर्ज झालेला भाग तेवढा दाखवावा आणि पद्धत घरी ठेवावी. नाहीतर दुसरी, लहान कंपनी पाहावी. लहान कंपनीचा मालक स्वतः समोर बसतो, हा तिचा मोठा गुण.

कंपनीपेक्षाही जवळची एक गळती आहे. लग्नाच्या पंगतीत, साखरपुड्याच्या गर्दीत, 'आमचा मुलगा अमुक यंत्र काढतो आहे' हे कौतुकाने सांगितले जाते. ऐकणारा परका नसतो, पण त्याचा मेहुणा कोठल्यातरी कारखान्यात असतोच! न्यायालयात पहिला प्रश्न हाच येतो की, ही माहिती खरोखर गुप्त होती काय. पंगतीतील चाळीस साक्षीदार त्याचे उत्तर आपल्याविरुद्ध देतील.

शेवटी एक लहानसे पत्र सुचवितो. करार झालेला असो वा नसो, भेट झाली त्याच संध्याकाळी ते ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवावे. 'आज अमुक तारखेस अमुक अधिकाऱ्यांशी झालेल्या भेटीत मी पुढील माहिती केवळ सहकार्याचा विचार करण्यासाठी, विश्वासाने दिली. सोबत दिलेल्या कागदांची यादी जोडली आहे. विचार न झाल्यास ते आणि यंत्राचा नमुना परत करावा.' यात धमकी नसावी, वकिली भाषाही नसावी. यादीत प्रत्येक कागदाचे पान नि पान मोजलेले असावे. टपालाची पावती त्याच फायलीत लावावी आणि फाइल आईच्या किंवा पत्नीच्या ताब्यात द्यावी; दुकानातल्या कपाटात ठेवलेला कागद वेळेवर सापडल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.